घटक जुने, सिमेंट नवे : पेटंट परीक्षणाचा माझा अनुभव

आमच्या पेटंट अर्जातल्या पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे हक्काच्या पहिल्या मागणीत, एकही अनोळखी पदार्थ नव्हता. फ्लुओरोअ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचेची भुकटी, पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल, टार्टारिक आम्ल आणि पाणी हे चौघे दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट हाताळणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याच्या परिचयाचे. त्यांत आम्ही दोन घटक घातले होते : भुकटीत दाता-हाडांतले मुख्य खनिज असलेले अतिसूक्ष्म हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि द्रवात अगदी थोडे कायटोसन (कवचापासून मिळणारा जैविक पदार्थ). या दोघांवरही दंतसाहित्याच्या संशोधनात बरेच काम झालेले आहे. सहाही घटक जुने, आणि तरी त्यांचे मिश्रण नवे आहे असा आमचा दावा. तो परीक्षणात कसा तपासला गेला ते इथे लिहितो आहे, कारण दंत महाविद्यालयांत आणि छोट्या प्रयोगशाळांत असे काम करणारे अनेक जण परीक्षणाच्या धास्तीनेच अर्ज करत नाहीत.

आधी थोडे रसायन. ग्लास आयोनोमर सिमेंट 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी पुढे आणले. आम्ल काचेच्या कणांच्या पृष्ठभागावर हल्ला करते, त्यातून कॅल्शियमचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे आयन सुटतात आणि ते पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी जखडतात. कॅल्शियम आधी जखडते, अ‍ॅल्युमिनियम मागाहून येऊन खरी ताकद देते. टार्टारिक आम्लामुळे मिश्रण हाताळायला वेळ मिळतो आणि नंतर ते झटकन घट्ट होते. हे सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटते, फ्लोराइड सोडते, पण ठिसूळ असते. त्या ठिसूळपणावर उपाय शोधणे हेच आमचे काम. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमधून जास्तीचे कॅल्शियम मिळावे आणि कायटोसनच्या अमिनो गटांनी आम्लाच्या साखळ्यांमध्ये आणखी एक दुवा जोडावा, अशी आमची कल्पना होती.

अर्जाचा सुरुवातीचा भाग पटकन सांगतो. शोधनिबंध पाठवण्याआधी आम्ही प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे तपशीलवार वर्णन आणि क्लेम, दिले. क्रम हाच ठेवावा. स्वतःचाच निबंध आधी छापला गेला तर तोही पूर्वज्ञान (आधीच जाहीर असलेली माहिती) म्हणून समोर येऊ शकतो आणि कायद्यातली सवलत फार अरुंद आहे. 18 महिन्यांनी अर्ज प्रकाशित होतो. मात्र परीक्षण आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी फॉर्म 18 भरून वेगळी विनंती करावी लागते. मुदतीत ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

मग पहिला परीक्षण अहवाल आला. सगळे त्याला एफईआर म्हणतात. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने मिळतात आणि विनंती केली तर आणखी तीन. पहिल्यांदा वाचताना तो अहवाल म्हणजे नकारच वाटतो. आमच्या पेटंट एजंट मॅडमनी मात्र तो समोर ठेवून प्रत्येक आक्षेपापुढे एकच गोष्ट लिहायला सांगितली : परीक्षकांना इथे नेमके काय जाणून घ्यायचे आहे? तसे वाचल्यावर अहवालाचा सूरच बदलला.

सर्वांत जड आक्षेप दोन होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. परीक्षकांनी तीन दस्तऐवज दाखवले होते, डी1, डी2 आणि डी3. डी1 मध्ये ग्लास आयोनोमरच्या द्रवात कायटोसन होते. डी2 हा जपानी पेटंट अर्ज, त्यात भुकटीमध्ये अ‍ॅपेटाइट, आणि प्रमाणाची मर्यादा (कमीत कमी ते जास्तीत जास्त) इतकी रुंद की आमची पूर्ण मर्यादा तिच्या पोटात बसत होती. डी3 मध्ये मूळ सिमेंट. कोणत्याही एका दस्तऐवजात सहाही घटक एकत्र नव्हते, त्यामुळे नावीन्याचा आक्षेप फार ताणला गेला नाही. पण डी1 आणि डी2 शेजारी ठेवले तर या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते, असे अहवालात म्हटले होते. पाठोपाठ पेटंट कायदा, 1970 चे कलम 3(ई) : घटकांच्या गुणधर्मांची निव्वळ बेरीज करणारे साधे मिश्रण हा शोध मानला जात नाही.

दंतसाहित्यातल्या कुणालाही हे कलम चुकवता येत नाही. आपली जवळजवळ सगळी सामग्री मिश्रणेच असतात. सिमेंट, कॉम्पोझिट, ठसा घेण्याचे साहित्य, सगळ्यांत जुन्या ओळखीचे पदार्थ नव्या प्रमाणात येतात. मला हे कलम योग्य वाटते आणि परीक्षणातून गेल्यावर जास्तच योग्य वाटते. दोन चांगल्या गोष्टी एका डबीत भरल्याबद्दल कुणाला वीस वर्षांची मक्तेदारी कशासाठी द्यावी? एकत्र आल्यावर त्या एकमेकींवर काही परिणाम करतात, हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असायला हवी.

ते दाखवायचे तर चार गट लागतात : मूळ सिमेंट, फक्त हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट घातलेले, फक्त कायटोसन घातलेले आणि दोन्ही घातलेले. फक्त पहिला आणि शेवटचा गट तपासला तर ताकद वाढल्याचे दिसते, पण ती कुणामुळे वाढली ते कळत नाही आणि बेरजेचा प्रश्न तसाच उरतो. स्पेसिफिकेशन लिहिताना मॅडमनी मधल्या दोन गटांचा हट्ट धरला होता, म्हणून तक्ता पहिल्यापासून आत होता. याचे महत्त्व उत्तर लिहिताना कळले. नवी माहिती शपथपत्रावर देता येते, पण ती मुळात लिहिलेल्या गोष्टीला आधार म्हणून. स्पेसिफिकेशनमध्ये ज्या परिणामाचा उल्लेखही नाही तो मागाहून आणून उभा करणे फार कठीण.

तपासणी आयएसओ 9917-1 या मानकाप्रमाणे केली होती : 4 मिलिमीटर व्यासाचे आणि 6 मिलिमीटर उंचीचे दंडगोल, 37 अंश सेल्सियसला ठेवून 24 तासांनी दाबून मोडायचे. दात भरण्यासाठीच्या सिमेंटला या मानकात किमान 100 मेगापास्कल दाबसहनशक्ती लागते. आमचे चारही गट त्या रेषेच्या वर होते, म्हणून मानक पूर्ण केले एवढे सांगून काही सिद्ध होत नव्हते. युक्तिवाद असा मांडला : एकट्या पहिल्या घटकाने झालेली वाढ आणि एकट्या दुसऱ्या घटकाने झालेली वाढ यांची बेरीज करा. निव्वळ मिश्रण असते तर चौथा गट त्या बेरजेच्या आसपास आला असता. तो तिच्या बराच पुढे होता, आणि हा फरक नमुन्या-नमुन्यांतल्या चढउतारापेक्षा मोठा होता. एकटे कायटोसन तर जवळपास निष्क्रिय दिसत होते. त्याचा परिणाम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या सोबतीनेच उघड होत होता. हेच एक वाक्य आमच्या उत्तराचा कणा ठरले.

डी1 नीट वाचल्याचाही उपयोग झाला. मी सगळ्यांना सांगतो, दाखवलेले दस्तऐवज सारांशावरून सोडू नका, शेवटच्या उदाहरणापर्यंत वाचा. डी1 मध्येच लिहिले होते की कायटोसन एका मर्यादेपलीकडे गेले की सिमेंट कमकुवत होते. आमचे प्रमाण त्या मर्यादेच्या पलीकडचे होते. म्हणजे डी1 वाचणारा जाणकार आमच्या दिशेने चालत आलाच नसता, तो मागे फिरला असता. डी2 मध्ये अ‍ॅपेटाइट होते ते फ्लोराइड सुटण्यासाठी, ताकदीचा तिथे विचारच नव्हता.

एवढे होऊनही एका बाबतीत परीक्षकांचे म्हणणे बिनतोड होते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची जी मर्यादा आम्ही मागत होतो तिच्यातल्या मधल्या भागातच आमची उदाहरणे होती. दोन्ही टोकांना परिणाम टिकतो याला पुरावा काय? यावर आमच्या गटात खूप चर्चा झाली. मर्यादा आवळली की प्रतिस्पर्ध्याला कडेने निसटायला जागा मिळते. पण जिथे आपण मोजलेच नाही तिथला हक्क मागणे मला पटत नव्हते आणि शेवटी सगळ्यांनाच ते पटले. कलम 59 नुसार दुरुस्तीमुळे क्लेम आधीच्यापेक्षा रुंद होऊ शकत नाही, आणि आवळायचा तरी नव्या आकड्यांना मूळ मजकुरात आधार लागतो. आमच्या पोट-क्लेममध्ये (मुख्य क्लेमवर अवलंबून असलेल्या क्लेममध्ये) अरुंद मर्यादा आधीच लिहिलेली होती, तीच वर घेतली. अर्ज लिहिताना रुंद, मध्यम आणि अरुंद अशा एकात एक बसणाऱ्या मर्यादा द्याव्यात त्या यासाठी.

स्पष्टतेचे आक्षेप छोटे दिसतात, पण रसायनाच्या माणसाला तेच सर्वांत शिकवतात. ‘वजनाच्या टक्केवारीत’ असे लिहिले, पण कशाच्या वजनाच्या? भुकटीच्या, द्रवाच्या की कालवलेल्या सिमेंटच्या? पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचा रेणुभार दिला, तो भारसरासरी की संख्यासरासरी? कणांचा आकार कोणत्या पद्धतीने मोजला? ‘योग्य प्रमाणात’ आणि ‘सुमारे’ हे शब्द काढून टाकायला सांगितले होते. प्रत्येक उत्तर मूळ मजकुरात कुठे आहे ते पान आणि ओळ दाखवून दिले.

दाताची पोकळी या सिमेंटने भरण्याची पद्धत असाही एक क्लेम होता. तो वगळला. कलम 3(आय) प्रमाणे माणसावरच्या उपचारपद्धतीला पेटंट मिळत नाही, आणि दंतवैद्याच्या हाताला पेटंट बांधू नये हे मला मनापासून मान्य आहे. इथे देशोदेशींचे कायदे किती वेगळे आहेत ते एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) या दंतसाहित्याच्या उदाहरणावरून दिसते. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये 1824 मध्ये घेतले होते. त्याच प्रकारच्या सिमेंटने दात भरण्याच्या पद्धतीला 1995 मध्ये अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद आणि डीन व्हाइट यांच्या नावे पेटंट मिळाले. आज मुळाच्या उपचारात त्या साहित्याचे मोल किती आहे ते सांगायला नको. पण आपल्याकडे पद्धतीचा क्लेम 3(आय) मध्ये अडकला असता, आणि जुन्या पदार्थाचा केवळ नवा उपयोग 3(डी) मध्ये.

एक आक्षेप मात्र दंतसाहित्याच्या लोकांना सहसा अपेक्षित नसतो. कायटोसन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते. म्हणजे जैविक स्रोत आला. भारतातले जैविक संसाधन वापरले असेल तर जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो आणि पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता करावी लागते. आमचे कायटोसन परदेशी बनावटीचे होते. स्रोत आणि मूळ देश स्पेसिफिकेशनमध्ये नमूद होता, पुरवठादाराचे प्रमाणपत्र जोडले आणि तो मुद्दा मिटला. जिलेटिन, कोलॅजन, अल्जिनेट, प्रोपोलिस यांच्यावर काम करणाऱ्यांनी खरेदीची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.

उत्तर दिल्यावर सुनावणीची नोटीस आली. कलम 3(ई) आणि कल्पकतेचा, म्हणजे जाणकाराला हे सहज सुचले असते का, हा मुद्दा अजून शिल्लक होता. सुनावणी व्हिडिओवर झाली. मॅडमनी कायद्याची बाजू मांडली आणि तक्ता समजावून सांगायला मला पुढे केले. अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी विचारलेला प्रश्न एखाद्या उत्तम परीक्षकाने प्रबंधाच्या तोंडीला विचारावा असा होता : दोन घटक घातल्यावर भुकटी आणि द्रवाचे गुणोत्तर बदलले नाही कशावरून? भुकटी जास्त झाली तरी ताकद वाढतेच. अगदी खरे आहे. ग्लास आयोनोमरमध्ये भुकटीचे प्रमाण वाढवले की ताकद वाढते, आणि आमची सगळी वाढ तेवढ्यावरच उडवून लावता आली असती. चारही गटांत गुणोत्तर एकच ठेवले होते आणि जेवढे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट घातले तेवढीच काच कमी केली होती. तक्त्याखालच्या टिपेत ते लिहिलेले होते. मी ती ओळ वाचून दाखवली. मग त्यांनी घट्ट होण्याच्या वेळेबद्दल विचारले. एकट्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटने मिश्रण फार लवकर आवळते, कायटोसनच्या सोबतीने हाताळणीचा वेळ परत मिळतो, हेही आकडे तिथेच होते. मला वाटते, ताकदीपेक्षा याच मुद्द्याने दोन घटकांमधले नाते जास्त स्पष्ट झाले.

सुनावणीनंतर 15 दिवसांत लेखी निवेदन द्यायचे असते. त्यात आम्ही नवे काही आणले नाही. आवळलेला क्लेम, चार गटांचा तक्ता आणि डी1 मधला तो उतारा एवढेच ठेवले. पेटंट मंजूर झाले ते अरुंद मर्यादेसाठी आणि भुकटी-द्रवाच्या संचासाठी.

मुदत 20 वर्षांची असते, पण ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे परीक्षणात गेलेला काळही त्यातच गेला. पेटंट चालू ठेवायला तिसऱ्या वर्षापासून पुढे दरवर्षीचे शुल्क आहे. पेटंट मिळाले म्हणून सिमेंट रुग्णाच्या तोंडात घालता येत नाही, त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम, 2017 प्रमाणे वेगळा परवाना लागतो आणि तिथे जैवसुसंगततेच्या चाचण्या मागतात. त्या आता सुरू आहेत. वगळलेल्या टोकाच्या प्रमाणांवरही एक विद्यार्थिनी काम करते आहे. तिच्याही प्रत्येक प्रमाणासाठी गट चारच आहेत.