कुमिते शिकताना : आधी अंतर, मग प्रहार

प्रौढ वयात कराटे शिकायला आलेल्या माणसाला किहोन (मूळ तंत्रांचा सराव) आणि काता (ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका) त्या मानाने लवकर अंगवळणी पडतात, कारण तिथे समोर कोणी नसते. कुमितेत, म्हणजे जोडीने करायच्या लढतीत, समोर हाडामांसाचा माणूस उभा ठाकतो, त्याची मूठ आपल्या चेहऱ्याच्या दिशेने येणार हे ठाऊक असते, आणि तोवर घोटून घोटून बसवलेले सगळे बचावाचे ब्लॉक ऐन वेळी हाताला आठवेनासे होतात. मी चाळिशीत शोतोकान या कराटेच्या शैलीच्या वर्गात दाखल झाले आणि कराटेत मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते याच भागाने. नवख्याने कुमिते कसे शिकावे याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. आधी अंतर शिकावे, मग प्रहार, आणि त्यासाठी जुन्या शिक्षकांनी आखून दिलेली एकही पायरी गाळू नये.

या पायऱ्या आरंभापासून होत्या असे नाही. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिकासाठी आले, तेव्हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा काता हाच होता आणि मोकळ्या लढतीला ते अनुकूल नव्हते. विद्यापीठांतल्या त्यांच्या तरुण शिष्यांचे मात्र नुसत्या कातावर समाधान होईना. जोडीने करायच्या, आधी ठरवून दिलेल्या सरावातून पुढे १९३०च्या दशकात मोकळी लढत आकाराला येत गेली. जपान कराटे असोसिएशनने पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली ती १९५७ मध्ये, म्हणजे फुनाकोशी निवर्तले त्याच वर्षी. काता आणि मोकळी लढत यांच्यामध्ये गोहोन कुमिते (पाच पावलांची), इप्पोन कुमिते (एका पावलाची) आणि जियू इप्पोन कुमिते (अर्धमोकळी, एका हल्ल्याची) हे टप्पे आहेत, आणि नवख्याचे खरे शिक्षण याच टप्प्यांत होते असा माझा अनुभव आहे.

गोहोन कुमिते वरवर पाहता अगदी साधे असते. हल्ला करणारा एक पाय मागे घेऊन गेदान बाराई (हात खाली झटकून करायचा ब्लॉक) करतो, ‘जोदान’, म्हणजे चेहऱ्याच्या उंचीवर, असे मोठ्याने सांगतो आणि एकेक पाऊल पुढे टाकत पाच वेळा ओई झुकी (पुढे टाकलेल्या पायाच्या बाजूच्या हाताचा पंच) मारतो. बचाव करणारा तितकीच पावले मागे सरत आगे उके या ब्लॉकने ते पंच वर उडवतो आणि पाचव्या पावलानंतर कियाईसह (जोरदार आरोळीसह) ग्याकू झुकीने, म्हणजे मागच्या हाताच्या पंचाने, उत्तर देतो. कोणता हल्ला, कुठे आणि किती वेळा, हे सारे आधीच ठरलेले असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला यात लढत कुठे आहे असा प्रश्न पडतो. ती असते पावलांच्या मापात. बचाव करणारा गरजेपेक्षा जास्त मागे गेला तर पंच लागत नाही हे खरे, पण पाचव्या वेळी त्याचा स्वतःचा पंचही समोरच्यापर्यंत पोहोचत नाही; कमी सरकला तर ब्लॉकला जागाच उरत नाही आणि कोपर छातीशी अडकते. या नेमक्या अंतराला जपानीत माआई म्हणतात. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो आणि जवळून मारलेला पंच तेवढ्या वेळात येऊन थडकलेलाही असतो. त्यामुळे हात कितीही चपळ असला तरी चुकीच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही.

माझी नेहमीची जोडीदार ही कॉलेजात शिकणारी, ब्राउन बेल्टची मुलगी आहे. आमचा पहिला जोदानचा सराव सुरू होण्याआधी ती शांतपणे म्हणाली, “काकू, डोळे मिटू नका. माझी मूठ थांबणार आहे.” आणि ती खरोखर थांबली, नाकापासून दोन बोटांवर, इतक्या जवळ की मुठीवरच्या कातडीला पडलेले घट्टे मला दिसले. डोळे मिटणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, ती कोणाच्या सांगण्याने जात नाही; थांबणारी मूठ पुन्हा पुन्हा पाहिल्यानंतरच ती हळूहळू सैल पडते. श्वासाचेही तसेच आहे. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो आणि अर्ध्या मिनिटात दमतो, म्हणून प्रत्येक ब्लॉकबरोबर श्वास सोडण्याचा आग्रह आमचे सेन्सेई (शिक्षक) धरतात.

गोहोनची एक मर्यादा मात्र वेळीच ओळखायला हवी. त्यात माणूस सरळ रेषेत मागे जायला शिकतो, आणि मोकळ्या लढतीत सरळ मागे जाणारा हमखास सापडतो, कारण पुढे येणाऱ्याचा वेग मागे जाणाऱ्यापेक्षा केव्हाही जास्तच असतो. जियू इप्पोन हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याचसाठी. हल्ला कोणता हे इथेही सांगितले जाते, पण दोघेही कामाएमध्ये (लढतीच्या सज्ज पवित्र्यात) हलत असतात आणि तो हल्ला कधी करायचा हे हल्ला करणारा ठरवतो. बचाव करणाऱ्याला मग रेषेतून तिरके बाहेर पडावे लागते, आणि तेही ना फार आधी ना फार उशिरा. नजर मुठीवर ठेवून हे साधत नाही. छाती आणि खांदे यांच्याकडे नजर सैल ठेवली की पंच निघण्याआधी खांदा कसा हलतो, किक येण्याआधी शरीराचा भार कोणत्या पायावर जातो, हे कळू लागते.

प्रहार आवरता येणे हे प्रहाराइतकेच मोठे कौशल्य आहे, आणि स्पर्धेच्या नियमांतही त्याला तेवढेच वजन आहे. पंचाला १ गुण, धडावरच्या किकला २ आणि डोक्यावरच्या किकला ३ गुण मिळतात, पण ताबा सुटलेल्या प्रहाराला क्षमा नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर होता. त्याच्या डोक्यावरच्या किकने इराणचा सज्जाद गंजजादेह जमिनीवर कोसळला, सामनाधिकाऱ्यांनी हमेदीला बाद ठरवले आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला मिळाले. या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. मला तो योग्य वाटतो. क्योकुशिनसारख्या पूर्ण आघाताच्या शैलींची गोष्ट वेगळी, आणि तिथेही चेहऱ्यावर मुठीने मारायला मनाई आहेच.

म्हणूनच यलो बेल्ट मिळताच लहान मुलांना ग्लोव्ह्ज चढवून स्पर्धेला उभे करण्याची जी घाई काही वर्गांतून दिसते, तिचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या मुलाला अंतर समजलेले नाही ते मूल एक तर डोळे मिटून हात फिरवते, नाही तर पाठ फिरवते, आणि पाठ फिरवण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला पुढे फार कष्ट पडतात. दोन नवख्यांना एकमेकांशी मोकळे लढवणे मला त्याहूनही धोक्याचे वाटते. सुरुवातीची जोडी नेहमी ज्येष्ठ विद्यार्थ्याबरोबर असावी. दातांचे गार्ड आणि नडगीचे पॅड मात्र पहिल्या दिवसापासून हवेतच, मग सराव कितीही हळू असो.

सध्या आमचे मोकळे कुमिते अर्ध्या वेगाने चालते आणि एका फेरीत एकच तंत्र वापरण्याची परवानगी असते. या आठवड्यात ते किझामी झुकी आहे : पुढच्या हाताचा सरळ पंच, मागचा पाय न रेंगाळू देता, आणि मारून झाल्यावर झानशिन (प्रहारानंतरची सावधता) न सोडता पुन्हा पल्ल्याबाहेर येणे. पुढच्या महिन्यात मावाशी गेरी (बाजूने फिरवून मारायची किक) धरायची आहे, आणि ती छातीच्या वर न्यायची नाही असे सेन्सेईंनी आत्ताच बजावून ठेवले आहे.