आमची वाटचाल : गाळातून वर आलेलं दुकान

मेव्हण्यासोबत चिपळूणच्या बाजारपेठेत टेलिफोन-इंटरकॉमच्या दुकानासाठी गाळा घेतला तेव्हा भांडवल म्हणजे एक शिडी, बट सेट (लाईन तपासायचा हातातला फोन) आणि क्रोन टूल (तारा बसवायचं हत्यार). ते टूल अजून माझ्या खिशात असतं. तारांची जोडी जोडणीच्या ब्लॉकमध्ये दाबली की 'खट्' होतं आणि उरलेली तार तिथंच कापली जाते. जोडी बसली की नाही, मला आवाजावरून कळतं. पुढची वर्षं बरी गेली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी दुकानात शिरली. डेस्क फोन, कॉर्डलेसचे बेस, एक्स्चेंजची (एका जागेतले सगळे फोन जोडणाऱ्या मशीनची) कार्डं, सगळं गाळात. कार्डं आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली आणि पंख्याखाली वाळवली. भिजलेल्या कार्डाला घाईने पॉवर देऊ नका, हे आत्ताच सांगतो. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, आता पुरे," आणि नोकरीसाठी मुंबईला गेला.

त्याच पंधरवड्यात बाहेरचा एक पुरवठादार आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरला. "चिपळूणची दुकानं बुडाली, सर्व्हिस कोण देणार? वायर काढा, कॉर्डलेस घ्या." आठ एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, गेल्या. मी ते विसरलेलो नाही. त्याला जांभ्याच्या भिंती ठाऊक नव्हत्या. कॉर्डलेसच्या खोक्यावर मोकळ्यात ३०० मीटर, घरात ५० लिहिलेलं असतं. मध्ये जांभ्याच्या दोन-तीन जाड भिंती आल्या की आवाज तुटतो. शिवाय बेसला वीज लागते. लाईट गेली की हँडसेट चार्ज असूनही मुका. साधा डेस्क फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालत राहतो. म्हणून कॉर्डलेस घ्या, पण बेस यूपीएसवर ठेवा, लोखंडी कपाटामागे नको, आणि काउंटरवर एक वायरवाला फोन असू द्या.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी नर्सिंग होमच्या डॉक्टरबाईंचा निरोप आला : "दादा, दुकान नंतर लावा, आधी माझी ओपीडी. अर्धे पैसे आत्ता घेऊन जा." त्यांचं एक्स्चेंज मीच हट्टाने पहिल्या मजल्यावर बसवलं होतं, तेव्हा केबल जास्त लागते म्हणून त्या कुरकुरल्या होत्या. मशीन कोरडं होतं. खालचा डीबी, म्हणजे तारा जोडायचा डबा, तेवढा चिखलाने भरलेला. पाण्याच्या खुणेच्या वर केबल कापली, नवा ब्लॉक लावला, जोड्या मारल्या. ओपीडीची रिंग वाजली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

त्या पैशांतून पहिला माल आला. आठांपैकी पाच गिऱ्हाइकं परतली. उरलेल्या तिघांकडे मी स्वतःहून गेलो नाही, जाणारही नाही.