आईच्या लुगड्याचा स्कार्फ

परवा भाची आली आणि म्हणाली, "मावशी, मला स्कार्फ शिवून दे की. दुकानातला नको, तू केलेला पाहिजे." वडगावातून टिळकवाडीतल्या कॉलेजला ती रोज स्कूटीवरून जाते. जूनपासून बेळगावचा पाऊस, डिसेंबरात कानाला झोंबणारा वारा, मार्चनंतर ऊन आणि धूळ. स्कार्फ तिला बारा महिने लागतो. मी ट्रंक उघडली आणि आईचं इरकल लुगडं बाहेर काढलं.

आईच्या तोंडी स्कार्फ हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्याचं सगळं काम पदर करायचा. ऊन लागलं की डोक्यावर, गार वारा सुटला की कानांवरून हनुवटीखाली, घाम पुसायला तोच, चुलीवरचं पातेलं उतरवायला तोच, आणि बसचे सुटे पैसे त्याच्याच टोकाला गाठीत. आजी भांगलायला जाताना जुन्या धडप्याची टापर बांधायची. बाबा पहाटे मागावर जायला निघत तेव्हा हिरवा लोकरी मफलर कानांभोवती घट्ट गुंडाळत. घरी येत तेव्हा त्यावर सुताची पांढरी भुरभुर बसलेली असे आणि आई तो दारातच झटकायची.

आम्ही मुली पंजाबी ड्रेस घालायला लागलो आणि पदर साडीपासून सुटा होऊन ओढणी झाला. पुढं पोरींच्या हातात गाड्या आल्या, ओढणी सांभाळणं अवघड झालं, मग स्कार्फ आला. मला तरी हे असंच दिसतं. स्कार्फचा इतिहास वाचायला घेतला की गोष्ट पॅरिसपाशी येऊन थांबते. एर्मेस या तिथल्या कंपनीचा तो प्रसिद्ध रेशमी चौकोनी स्कार्फ १९३७ सालचा, ९० सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटर. पण त्याच्या कितीतरी आधी काश्मिरी शाली युरोपात पोचल्या होत्या. त्यांवरच्या कोयरीची नक्कल स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या विणकरांनी इतकी केली की तिकडे आपल्या कोयरीला पेझली हेच नाव पडलं. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मला हे वाचून त्या विणकरांबद्दल आपुलकी वाटली, आणि कोयरीचं नाव हरवलं म्हणून वाईटही वाटलं.

ओढणीची एक आठवण मात्र अजून अंगावर काटा आणते. १९९४ साली मैत्रिणीच्या लुनावर मागं बसून मी काँग्रेस रोडवरून येत होते. ओढणीचं टोक कधी मागच्या चाकात गेलं कळलंच नाही. गळ्याला एकदम हिसका बसला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. ओढणी जुनी, विरलेली होती म्हणून टरकन फाटली आणि मी वाचले. गळ्यावरचा लाल वळ पंधरा दिवस होता. इसाडोरा डंकन ही नावाजलेली नर्तकी १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली. उघड्या मोटारीच्या चाकात तिचा लांब रेशमी स्कार्फ गुंडाळला गेला. रेशीम चिवट, ते फाटत नाही. म्हणून मी शिवलेला स्कार्फ कुणाला देताना आधी तो बांधून दाखवते, मगच हातात देते.

आता लुगड्याबद्दल. इरकलचं अंग सुती आणि पदर रेशमी. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्यात एकेक धागा अडकवून जोडलेला असतो. याला कोंडी म्हणतात. कन्नडमध्ये कोंडी म्हणजे कडी. हे मला आधी माहीत नव्हतं. पहिल्यांदा स्कार्फ केला तो शेजारच्या अक्कांच्या इरकलचा, आणि मी नेमकी त्या जोडावरच कात्री चालवली. एका धुण्यात कडेचे धागे सुटून आले. अक्का मला काही बोलल्या नाहीत, पण तो पदर त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा होता. नंतर एका म्हाताऱ्या विणकरकाकांनी आपल्या दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवून, ओढून दाखवल्या. "एक सोडलं की दुसरं राहतंय व्हय?" तेव्हापासून मी जोड कापत नाही. त्याच्या अलीकडे दीड हात अंग ठेवते, पलीकडे अख्खा पदर.

आईचं लुगडं मधे विरून जाळी झालं होतं, पण पदर जसाच्या तसा. लाल रेशमात पांढऱ्या कणसांची रांग. याला टोपी तेनी म्हणतात, आणि कन्नडमध्ये तेने म्हणजे कणीसच. टोपी तेनीच्या एका टोकाला पिवळसर डाग होता, हळदीकुंकवाचा असावा. तो मी काढला नाही.

मशीनवर शिवलं तर रेशीम आक्रसतं, म्हणून कड बोटानं गुंडाळत हातशिलाई घातली. एर्मेसचे कारागीरही स्कार्फची कड अशी हातानंच गुंडाळतात. मला चार संध्याकाळी लागल्या. मध्यंतरी एका प्रदर्शनात इरकल स्टोल म्हणून छापील पॉलिस्टर विकायला ठेवलेलं पाहिलं. अंगापदराचा जोडच नाही, कणसं नुसती छापलेली. ते घेणाऱ्या मुलींचा काही दोष नाही, त्यांना कुणी कोंडी दाखवलेलीच नाही. खरंच वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी भाचीला आरशापुढं उभं केलं. कपाळावरून घेतला, हनुवटीखाली तिढा, मानेमागं एक गाठ, आणि दोन्ही टोकं स्वेटरच्या आत खोल खोचली. कणसं बरोबर तिच्या कानावर आली. "मावशी, आजीच्या ट्रंकेचा वास येतोय," ती म्हणाली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. एकही टोक बाहेर आलं नव्हतं.

लुगड्याचं उरलेलं विरलेलं अंग ठेवून दिलंय. दिवाळीनंतर त्याची वाकळ शिवायला घेईन.