सिम्युलेशन लॅब झाली, डीब्रीफिंगला मात्र वेळ मिळेना: माझा अनुभव

नर्सिंगच्या मुलांनी खऱ्या पेशंटआधी डमीवर सराव करावा, म्हणून ही सिम्युलेशन लॅब. डमी आली, खोली मिळाली, मॉनिटर जोडला, हे सगळं पटापट झालं. अडलं ते टाइमटेबलच्या फॉर्मवर. त्यात रकाने दोनच, लेक्चर आणि प्रॅक्टिकल. मी लिहिलं सिनॅरिओ (डमीवर उभा केलेला पेशंटचा प्रसंग) १५ मिनिटं आणि डीब्रीफिंग (नंतर बसून त्यावर चर्चा) ३० मिनिटं, तर फॉर्म परत, चर्चेला वेगळा वेळ देता येणार नाही म्हणे. अहो, शिकणं तिथेच तर होतं!

आमचा पहिला सिनॅरिओ बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिन द्यायचं, मुलांना सगळं पाठ. तरी सगळे बीपी पडायची वाट बघत उभे, नाडी कधीचीच १३० वर गेलेली, आणि अशा पेशंटचं बीपी बरंच रक्त गेल्यावरच पडतं. एकीने ओरडून सांगितलं "कोणीतरी सलाईन लावा", कोणीच लावलं नाही. नाव घेऊन काम सांगायचं, ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचं, झालं की "लावली" असं कळवायचं, हे नंतर बसून बोलताना त्यांचं त्यांनाच सुचलं. तो वेळ कापणं म्हणजे एक्स-रे काढून तो न बघताच पेशंटला घरी पाठवणं.

पण फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि जो तो म्हणणार "जाता जाता बोला की". शेवटी अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलचा २०१४ चा अभ्यास जोडला. त्यात क्लिनिकलचे, म्हणजे खऱ्या पेशंटबरोबरच्या कामाचे, निम्मे तास सिम्युलेशनने घेतले तरी मुलं मागे पडली नाहीत, पण तिथे शिकवणाऱ्यांना डीब्रीफिंगचं ट्रेनिंग दिलेलं होतं, ती ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली. आणि दोन्ही वेळा एकत्र करून "प्रॅक्टिकल, ४५ मिनिटं" लिहिलं. लगेच सही! इतके दिवस फक्त रकान्यासाठी घालवले याचा राग अजून जात नाही, पण तास मिळाला आणि तो मी कोणाला सोडणार नाही. तुम्ही पहिल्यापासूनच एकत्र लिहा.

हो, आणि सुरू करण्याआधी मुलांना डमी दाखवा, नाडी कुठे लागते, काय दिसणार नाही (आमच्या डमीचा रंग फिका पडत नाही, ते तोंडी सांगावं लागतं). जे नुसते बघतायत त्यांना चेकलिस्ट द्या, नाहीतर ती मोबाईलमध्ये जातात. डीब्रीफिंगमध्ये आधी मुलांना बोलू द्या, चुका नंतर. आणि लॅबमधल्या खोट्या औषधांवर "फक्त ट्रेनिंगसाठी" असं ठळक लेबल लावाच, चुकून वॉर्डच्या ट्रॉलीत गेली तर काय होईल विचार करा.