आठशेची नोंदवही: रबरानं दाखवलेला इंगा

गेल्या वेळी लिहिलं होतं की अण्णांची मारुती 800 (1997, कार्बोरेटरवाली) दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणतो. दिवाळी झाली, गाडी अजून अंगणातच आहे. पण काम पुढं सरकलंय.

आधी टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, 1.6 मिमीच्या झिजेच्या खुणेच्या कितीतरी वर. म्हणून मी निर्धास्त. मग जमिनीवर आडवं पडून बॅटरी मारली, तर आतल्या बाजूला कडेपर्यंत केसासारख्या भेगा. टायरवर छापलेला तारखेचा कोड 3512, म्हणजे 2012 चा 35वा आठवडा. स्टेपनीची गंमत वेगळीच, तिच्यावर तीनच आकडे: 247, म्हणजे 7 नं संपणाऱ्या वर्षाचा 24वा आठवडा. 2000 च्या आधी असेच यायचे. दशक कळत नाही, पण बहुतेक गाडीबरोबर आलेली तीच. पाचही बाद. 145/70 आर 12 मध्ये हव्या त्या कंपनीचा माल मिळेना, दोन दुकानं फिरलो. नवे बसवल्यावर गाडी चार स्टँडवर उचलून ठेवलीय, नाहीतर एकाच जागी उभी राहून टायर चपटे पडतात.

टायर चकचकीत करणारं तेलकट पॉलिश मी बंद केलंय. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स.

आता खरा घोळ. इंजिन चोकवर सुरू व्हायचं, गरम झालं की मिसिंग, ॲक्सिलरेटर दिला की गचके. प्लग बदलले, पॉइंट घासले, काही फरक नाही. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी टाकीतलं बाटलीत काढून बघा." काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी बोटभर गढूळ थर! पाणी आलं कुठून? पंपाला चार शिव्या घालून झाल्या, आणि मग टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर हातात आला. वाळून दोन तुकडे. पूर्ण पावसाळा गाडी उघड्यावर होती.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी मुरवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात. गाडीचा फ्यूएल पंप ओढतो तो टाकीच्या तळाकडूनच. घरी करून बघा: मोजपात्रात 100 मिली ताजं पेट्रोल, 10 मिली पाणी, हलवून ठेवा. माझ्याकडं खालचा थर 28 मिलीच्या आसपास भरला, म्हणजे 10 पाण्याचे आणि बाकी पेट्रोलमधून उतरलेलं इथेनॉल. (उघड्यावर करा, आणि बिडीवाल्या मित्राला लांब ठेवा.)

भेसळीचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. एक थेंब टाका. उडून गेल्यावर डाग राहिला तर गडबड आहे.

टाकी उतरवताना माझ्याकडून अर्धा मग पेट्रोल मागच्या नव्या टायरवर सांडलं. पेट्रोलनं रबर फुगतं, मऊ पडतं. हातातलं सगळं टाकून आधी टायर साबणानं धुतला. मिस्त्री हसत होते.

जुनी फ्यूएल होज वाकवली तर आतून काळी भुकटी पडली. इथेनॉलला चालणारी नवी होज, नवा फिल्टर, नवा वायसर आणलाय. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक छिद्रं, फुंकून घेतले; फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, गंज होता. टाकी आतून वाळायला उन्हात उलटी ठेवलीय. रविवारी बसवतो.

कुणाकडं जुन्या मॉडेलच्या झाकणाचे जादा वायसर असतील तर दोन हवेत.