कढई आणि प्रिया

साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत एके काळी असा एक पेढेवाला असायचाच. पहाटे दूधवाल्याशी हुज्जत, दुपारभर कढई, संध्याकाळी गल्ला, आणि दुकानाबाहेर फळीला टेकवलेली प्रिया स्कूटर. या माणसांच्या आठवणी निघाल्या की लोक पेढ्यांवर बोलतात. त्यांच्या धाडसाची गोष्ट मात्र स्कूटरशिवाय पुरी होत नाही.

प्रिया ही साताऱ्याचीच लेक. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. नावामुळे घरोघरी एकच विनोद व्हायचा आणि घरची बाई तो हसून सोडून द्यायची. नाहीतरी ती गाडी घरातल्या सगळ्यांची होती. धाकटा पुढे हँडल धरून उभा, मोठी मधे चेपलेली, आणि आई मागे डावीकडे पाय सोडून बसलेली. प्रियाचं इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे रिकामी गाडी उजवीकडे ओढते. आई डावीकडे बसली की तो तोल थोडा सावरायचा. हिशेब कुणी मांडला नव्हता, पण लागू पडायचा.

पेढेवाल्याचं सगळं कसब आच ओळखण्यात. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. दूध आटेपर्यंत आच मोठी चालते. कडा सुटायला लागल्या की ती उतरवायची आणि उलथणं क्षणभरही थांबवायचं नाही. कंदी पेढ्यासाठी खवा पुन्हा तांबूस होईस्तोवर भाजतात. पाणी जितकं उडेल तितका पेढा टिकतो. साखर कमी, आणि तीही उशिरा. घाई करून आधी टाकली तर खवा पातळ होतो, तळ धरतो, आणि मग सगळ्या घाण्याला करपट वास लागतो. तो वास डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. ज्याला कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा.

हेच नाक घाटात उपयोगी पडायचं. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण वेगळं मिळत नाही, पेट्रोलबरोबर मिळेल तेवढंच. लिटरमागे २० मिली ऑइल. आधी पेट्रोल, मग ऑइल, आणि गाडी दोन्ही बाजूंना चांगली हलवायची, नाहीतर ऑइल तळाशी बसतं आणि प्लगवर काजळी धरते. यवतेश्वरचा घाट चढताना लोक तिसऱ्या गिअरवर रेटत राहतात. इंजिन धडधडतं, फेरे कमी पडतात, आणि थंड हवा मारणारा पंखा इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरत असल्यामुळे तोही मंदावतो. पेढेवाला वेळेआधीच दुसरा टाकायचा. गाडी ओरडली तरी चालेल, तापता कामा नये.

उतारावर धोका उलटा. अॅक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये लांबवर सोडली की पेट्रोल येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. पिस्टन कोरडा चालतो आणि सिलिंडरला धरतो. म्हणून अधूनमधून अॅक्सिलरेटर किंचित पिळायचा. मागचं चाक अचानक अडलं तर आधी क्लच दाबायचा, बाकीचा विचार नंतर. मग गाडी सावलीत वीस मिनिटं उभी. तापल्या इंजिनवर पाणी ओतणारे महाभागही असतात, त्यांना कढईजवळही उभं करू नये.

पेढेवाल्याच्या डिकीत पुडकं ठरलेलं: जुन्या फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, प्लगपाना, १३ नंबरचा पाना, क्लचची आणि गिअरची एकेक वायर. पंक्चरला स्टेपनी होती, पण तिच्यात हवा असेलच असं नाही, कारण वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही. जाणता माणूस चाकांत हवा भरताना तिच्यातही भरून घ्यायचा. या गाडीची रिम दोन भागांची, नटबोल्टांनी जोडलेली. ट्यूब काढायची तर आधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच रिमच्या नटांना हात लावायचा. हवा असताना नट ढिले केले तर रिमचे भाग तोंडावर उडतात.

सहल मात्र दुकानाच्या सवडीने. दहावी-बारावीचे निकाल, गणपती, दिवाळी हे दिवस कढईचे. कासच्या पठारावर फुलं येतात ती नेमकी गणपतीच्या आगेमागे, त्यामुळे पेढेवाल्याचं कुटुंब विसर्जनानंतरच्या पहिल्या मोकळ्या सकाळी निघायचं. पंचवीस किलोमीटर, वाटेत धुकं, आणि वर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी लावली की झालं. २०१२ मध्ये पठार जागतिक वारसा यादीत गेलं, आता तिकिटाच्या गोष्टी आल्या. फुलांसाठी ते बरंच झालं म्हणायचं.

कासच्या पुढे बामणोली. तिथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरून लाँचने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जाता येतं, पण तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम, आणि दूध कुणासाठी थांबत नाही. असा दिवस वर्षातून एखादाच जमायचा. आदल्या रात्री दोन घाणे जास्त काढायचे, भाजणीची शेवटची कढई भावाकडे सोपवायची, आणि पहाटे बायकोने विचारायचं, "अहो, ऑइल टाकलंत ना?" पेढ्यांचा डबा हुकाला, पाण्याचा कॅन पायापाशी. चोक ओढून दोन किका, चालू झाली नाही तर गाडी कलंडवून पुन्हा एक.

संध्याकाळी परत आल्यावर पोरं झोपेत घरात जायची आणि तो दुकानाची फळी उघडायचा. आधी भावाने काढलेल्या खव्याची चिमूट नाकाशी न्यायची, मग अंगठ्याने चोळून बघायची. बाहेर इंजिन निवताना टिकटिक करत असायचं.