स्टँडवरची आक्का

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा ‘आवडत्या शिक्षकांविषयी लिहिलंत तर बरं’ असंही सांगितलं होतं. गुरुजींविषयी लिहिणारे पुष्कळ असतील आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी जिच्याविषयी लिहितोय ती उभ्या जन्मात आपल्या शाळेची पायरी दोन-तीनदाच चढली असेल, तीही डोक्यावर पाटी घेऊन.

१९८८ ते १९९१, आठवी ते दहावी, मी सातारा जिल्ह्यातल्या वडूजमध्ये खोली घेऊन राहिलो. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चौघांत एक कंदील. मायणी रस्त्यावरून आत आमची वाडी, तिथं सातवीपुढं शाळा नव्हती. स्वयंपाक आम्हाला येत नव्हता, खानावळ परवडत नव्हती. जेवण रोज एस्टीनं यायचं. आताच्या मुलांना हे फोड करून सांगावं लागतं. आई पहाटे भाकरी थापायची, जर्मनचा डबा फडक्यात बांधायची आणि वडील तो फाट्यावर कंडक्टरच्या हवाली करायचे. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर दहा-बारा डबे दाटीनं बसून यायचे, म्हणून कालवण पोचेपर्यंत कोमट राहायचं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत. कुठल्या कंडक्टरनं त्याचा कधी पैसा मागितल्याचं मला आठवत नाही.

गाडी आली की डबे उतरवून घ्यायला आम्ही स्टँडवर असूच असं नाही. गाडीला उशीर झाला तर आम्ही वर्गात, आणि डबे कुत्र्यांच्या स्वाधीन. ते आक्कानं सांभाळायला घेतले. कधीपासून, कुणाच्या सांगण्यावरून, हे तिलाही सांगता येत नव्हतं. स्टँडच्या कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली ती शेंगा-फुटाण्याची पाटी घेऊन बसायची. धंद्याला ती सरळ नव्हती हेही सांगून टाकतो. तिच्या मापाचं बूड आतून वर आलेलं होतं आणि ते सगळ्या स्टँडला माहीत होतं. तोंडही फाटकं. चाळीस-चाळीस डब्यांची राखण मात्र तिनं फुकट केली. गाडी फारच उशिरा आली तर मधल्या सुट्टीत डबे पाटीत घालून ती शाळेत यायची आणि पायरीवरूनच ओरडायची, “कुणाकुणाची पोटं राहिल्यात रं?”

डब्यांवर आम्ही ऑईलपेंटनं नावं घातली होती. मी तर ‘इयत्ता १० वी ब’ असंही लिहिलं होतं. आक्काला अक्षर येत नव्हतं. ती डबा ओळखायची पोच्यावरून, फडक्याच्या गाठीवरून, वासावरून. एकाच्या चुलतीनं फडकं बदललं तेव्हा मात्र घोटाळा झाला आणि तिनं भलत्याच पोराला चोर ठरवून अख्ख्या स्टँडसमोर झाडला. दुसऱ्या दिवशी त्याला ओंजळभर शेंगा दिल्या. चुकले म्हणाली नाही.

तिचं वय तिला माहीत नव्हतं, पण मोजायची खूण होती. चले जाव चळवळीत, ९ सप्टेंबर १९४२ ला, परशुराम घार्गे यांच्याबरोबर वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. “तवा मी परकरात हुते,” एवढंच ती सांगायची. आईनं आत कोंडून कडी घातली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला नुसता आवाज आला होता. बहात्तरच्या दुष्काळावर मात्र भरभरून बोलायची. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरीवर, सुकडीवर, येरळा नदीच्या वाळूत झिरा काढून वाटीवाटीनं भरलेल्या घागरीवर. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली होती. मायणीची गाडी खडखडत आली की म्हणायची, “माझ्याच खडीवरनं येती की!” ते खरं होतं की नुसता तोरा, देव जाणे.

डबा सहसा ती उघडत नसे. कालवण सांडलेलं दिसलं तरच उघडून पुसायची. पण डबे सांडायचेच, आणि त्यातून तिला चाळीस घरांचं सगळं कळायचं. कुणाच्या घरची शाळू ज्वारी संपून हायब्रीड सुरू झाली, कुणाच्या डब्यात चार दिवस नुसती लसणाची चटणी आहे, कुणाकडं पाहुणे येऊन गेले. बोलायची नाही. फक्त एखाद्या दिवशी दरडावून सांगायची, “आज समदे हितंच बसा. खोलीवर न्हेऊन सांडाय लागलाय निस्तं.” मग लिंबाखाली गोल करून बसायचं आणि डबे मधोमध. मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, घेवडा, सगळं फिरायचं. चटणीवाल्या पोराला स्वतःची चटणी खायची पाळीच यायची नाही. नेमका तोच दिवस ती का निवडायची, हे माझ्या डोक्यात शिरायला मला स्वतःची पोरं व्हावी लागली.

दहावीच्या वर्षी, फेब्रुवारीत, मी डबा न्यायला गेलो तर तिनं दिला नाही. फडकं सोडून बसली होती.

“आई कुठाय तुझी?”

“घरी.”

“ही तिची भाकरी न्हवं. कडा बघ, चिरल्यात. कवळा हात हाय. तीन दीस झालं बघतीया.”

मी तीन दिवस तीच भाकरी खात होतो आणि मला काही कळलं नव्हतं. ती बहिणीच्या हातची होती, सहावीतल्या. आक्कानं मला संध्याकाळच्या गाडीत बसवलं, तिकिटाचे पैसे कंडक्टरच्या हातात दिले. घरी गेलो तर आईचा उजवा हात गळ्यात बांधलेला. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली होती. परीक्षा तोंडावर म्हणून मला कळवायचं नाही असं ठरलं होतं. आई पहिलं काय म्हणाली असेल तर, “तुला कुणी सांगितलं?”

“भाकरीनं,” मी म्हणालो, आणि आक्काची सगळी हकीकत सांगितली.

आईचा हात सुटल्यावर माझ्या डब्यात एक भाकरी जादा यायला लागली, वेगळ्या फडक्यात. आक्काची. परतीच्या डब्यात आक्का कधी शेंगा घालायची, कधी बाजारातली चार हिरवी वांगी. तिकडून गवार, लसणाची गड्डी, संक्रांतीचे राहिलेले तीळ. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. निरोपही नसायचे. माझा डबा तेवढा जाऊन-येऊन असायचा.

आता तिथं तो लिंब नाही. डबे बंद होऊनही बरीच वर्षं झाली, पोरं मोटारसायकलीवर येतात. आक्का गेली तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. ह्या स्मरणिकेतल्या जुन्या फोटोंत ती कुठं असेल म्हणून मी नेटानं शोधलं. एका सहलीच्या फोटोत एस्टीच्या चाकामागं पाटीची कड दिसते. ती तिचीच असं मी धरून चाललोय.

दहावीच्या निकालाच्या दिवशी आई वडूजला आली होती. शाळेत जाण्याआधी म्हणाली, ती कुठं बसते ते दाखव. मी लिंबाखाली नेलं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. बोलायचं काय, हे कुणालाच सुचेना. मग आक्कानं आईचा उजवा हात धरला, मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली,

“वाकडा बसलाय गं. तरीच भाकरी एका अंगानं जाड येती.”

आई हसायला लागली. मग दोघी शेंगा फोडत बसल्या, त्या दुपारच्या गाडीपर्यंत. माझा निकाल काय लागला ते कुणी विचारलंच नाही.